सांगातीच्या जाहिरातीतली मुलगी

भार्गवीनं माझ्याकडे बघून उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळव्यावर गोल फिरवली, मग तो तळवा ओठांपाशी नेला आणि भुवया उडवल्या.

दुपारची सुट्टी होती. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये नेहमीसारखी गर्दी होती, आणि भार्गवीच्या मागं आमच्या वर्गातल्या चार-पाच मुली उभ्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. वाढदिवस असलेल्या माणसाला माहीत नसताना केक आणल्यावर लोकांचे चेहरे होतात, तसे त्यांचे झाले होते.

"काय?" मी विचारलं.

तिनं पुन्हा बोटं फिरवली, पुन्हा तळवा ओठांशी नेला.

"हाताला काय झालंय? भाजलं का?"

भार्गवी हसली. मग नेहमीसारखी माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "अगं रेवा, चहा घेणार का विचारतेय की. सांगातीची जाहिरात बघितली नाहीस?"

"नाही. आणि मला हातांची भाषा येत नाही."

भार्गवीच्या मागच्या नमिताचा चेहरा उतरला. "येत नाही म्हणजे?" ती म्हणाली. "पण तू तर..." पुढचं वाक्य तिनं मान वळवून दुसरीला सांगितलं, त्यामुळं ते मला कळलं नाही.

मी आठ वर्षांची असताना तापात माझे कान गेले. एका कानात मशीन घातलं की भांड्याचा, हॉर्नचा आवाज येतो. माणसाचं बोलणं म्हणजे नुसती घरघर. पण तोवर मी बोलायला शिकलेली होते, आणि ते बोलणं माझ्या आईनं जाऊ दिलं नाही. वडील सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात कोईमतूरला. विट्याला घरी आम्ही दोघीच. ती रोज शाळेनंतर मला समोर बसवायची. माझा हात तिच्या गळ्यावर ठेवून "ग" म्हणायची. माझ्या तळहातावर फुंकर घालून "फ" म्हणायची. माझा "फ" नुसता हवेत जाई, पण आई कधी कंटाळली नाही. तिच्यामुळं मी साध्या शाळेत शिकले, ओठ बघून बोलणं ओळखायला शिकले, आणि सांगलीला कॉलेजात आले. माझा आवाज सपाट आहे, नाकातून येतो, हे मला माहीत आहे. लोक पहिल्यांदा ऐकतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत ते दिसतं.

भार्गवी येमूल हॉस्टेलमध्ये माझी खोलीसोबतीण होती. सोलापूरची. तिच्या वडिलांचे यंत्रमाग होते, घरी तेलुगू बोलत. कॉलेजात तिला सगळे ओळखायचे. ती शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणाशीही बोलायची, थांबायचीच नाही. खोलीत आली की माझ्या कॉटसमोर खुर्ची ओढायची, तोंडावर उजेड येईल अशी बसायची आणि दिवसभराचं सांगायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी दोनदा "काय म्हणालीस?" विचारलं, तेव्हा तिनं स्वतःच खुर्ची फिरवली होती. एखादा शब्द माझ्याकडून निसटला तर वाक्य बदलून सांगायची. मामा, पापा, बाबा हे ओठांवर अगदी एकसारखे दिसतात, म्हणून तिनं आपल्या वडिलांना माझ्यापुरतं "यंत्रमागवाले" करून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं मला मोबाइलवर जाहिरात दाखवली. सांगाती चहाची. कॉलेजचं कॅन्टीन, त्यात एक मुलगी एकटी बसलेली. तिला ऐकू येत नाही, हे बाकीच्यांच्या लक्षात येतं. मग दुसऱ्या दिवशी एक मुलगा येऊन तिला हातांनी चहा विचारतो, मग दुसरा, मग सगळं कॅन्टीन हात हलवायला लागतं. मुलगी रडते. शेवटी कुणाच्या तरी बोलण्याची घरघर येते, कपातून वाफ निघते, संपतं.

"शेवटी काय म्हणतात?" मी विचारलं. जाहिरातीत खाली अक्षरं नव्हती, आणि बोलणारं कुणी दिसत नव्हतं.

"सांगातीला शब्द लागत नाहीत," भार्गवी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी सहा-सात वेळा बघितली असेल. दरवेळी तुझी आठवण येते."

खरं सांगायचं तर माझेही डोळे भरले. माझ्यासारख्या मुलीला कुणी जाहिरातीत घेतलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन सांगातीची पुडी आणली. चहा पाणचट होता, पण आम्ही दोघी तो प्यायलो.

पंधरा-वीस दिवसांत कॉलेजात सगळीकडे सांगाती झालं. मुलांनी कॅन्टीनच्या मालकाकडं जाऊन चहा बदलायला लावला. त्याला जुनी पत्तीच परवडायची, पण मुलं ऐकेनात. "बाकीच्या कंपन्या नुसता नफा बघतात, हे लोक माणसाचा विचार करतात," असं आमच्या वर्गातला एक मुलगा त्याला सांगत होता. मी समोरच उभी होते, म्हणून मला दिसलं. हा मुलगा वर्षभर माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि माझ्याशी एकदाही बोलला नव्हता. त्या दिवशी जाताना त्यानं माझ्याकडं बघून बोटं तळव्यावर फिरवली आणि अंगठा दाखवला.

सगळेच तसं करायला लागले. मी कॅन्टीनच्या दारात आले की चारी बाजूंनी हात हलायचे. मीही ती खूण शिकून घेतली, कारण उत्तर दिलं नाही की त्यांचे चेहरे पडायचे. चहा यायचा. आमच्या टेबलाभोवती आता पूर्वीपेक्षा जास्त मुलं असायची. चहा दिला की ती आपापसांत वळायची आणि बोलायला लागायची. मला गालांच्या कडा आणि मानेमागचे केस दिसायचे. एकदा मी नमिताच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "माझ्याकडं बघून बोल ना, म्हणजे मला कळेल." तिनं गोड हसून मला पुन्हा चहाची खूण केली.

पण मला जे लागलं ते भार्गवीचं. ती खोलीतही हातांनी बोलायला लागली. मोबाइलवर कुठून कुठून खुणा शोधायची, आरशासमोर घटवायची. संध्याकाळी खुर्चीवर बसायची ती तोंड बंद करून. "जेवलीस का", "झोप आली", "उद्या परीक्षा" एवढ्याच खुणा तिला यायच्या, आणि मला तेवढ्याही येत नव्हत्या. दिवसभरात काय झालं, कोण काय म्हणालं, घरून काय निरोप आला, हे सगळं बंद झालं.

"तोंडानं बोल ना," मी एकदा म्हणाले.

"तुला सोपं जावं म्हणून करतेय."

"मला हे सोपं नाही."

"सवय झाली की जाईल. मी शिकतेय, तूपण शिक की." ती थोडी दुखावली होती. "इतकी वर्षं तूच आमच्यासाठी धडपडत आलीस. आता आमची पाळी नको का?"

ती माझ्यासाठीच करत होती. मी दुसऱ्या दिवसापासून तिच्यासोबत आरशासमोर उभी राहिले.

दिवाळीनंतर सांगातीची माणसं आमच्या कॉलेजात आली. राज्यातल्या काही कॉलेजांत ते कार्यक्रम करणार होते आणि त्याचा व्हिडिओ काढणार होते. भार्गवीनंच त्यांना आमच्या दोघींबद्दल लिहून कळवलं होतं. पुण्याहून आलेल्या ईशानी बर्वे नावाच्या बाई सगळं बघत होत्या. तिशीच्या असतील, हसऱ्या, समजूतदार. त्यांनी आम्हाला ग्रंथालयाबाहेरच्या व्हरांड्यात बसवलं.

"जाहिरातीतली मुलगी तर अभिनेत्री होती," त्या भार्गवीला म्हणाल्या. "आम्हाला खऱ्या मैत्रिणी हव्या होत्या."

"मी काय करायचं?" मी विचारलं.

ईशानीबाईंनी दचकून माझ्याकडं बघितलं. मग भार्गवीकडं. "बोलते?"

"बोलते की. छान बोलते," भार्गवी म्हणाली.

बाईंनी खुर्ची माझ्याकडं वळवली. त्यांना माझ्याशी बोलायची रीत लगेच कळली, हे मान्य करायला हवं. "हे बघ रेवती, तुझा आवाज चांगला आहे. पण बघणाऱ्याचा गोंधळ होतो. ऐकू येत नाही आणि बोलते, हे दोन मिनिटांत लोकांना समजावता येत नाही. तू फक्त हातांनी बोल. भार्गवी शेजारी उभी राहून त्याचा अर्थ सांगेल. चालेल?"

"मला हातांनी फारसं येत नाही."

"आम्ही शिकवू. चार-पाच खुणा. त्या अगदी बरोबरच हव्यात असं नाही, दिसायला छान हव्यात."

भार्गवी माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मी हो म्हटलं.

त्या शनिवारी मी विट्याला गेले. आई भाकरी थापत होती. मी तिला कार्यक्रमाचं सांगितलं.

"तू काय बोलणार?" तिनं विचारलं.

"काही नाही. हात हलवायचे."

"आणि बोलायचं कुणी?"

"भार्गवीनं."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. पाठमोरी झाली. त्या वेळी ती काही म्हणाली की नाही, मला माहीत नाही. वळली तेव्हा म्हणाली, "बघायला येऊ का?"

"नको," मी म्हटलं. "लांब पडतं तुला."

कार्यक्रम कॉलेजच्या मोठ्या सभागृहात होता. खुर्च्या भरल्या होत्या, मुलं भिंतींना टेकून उभी होती. दाराशी सांगातीचे कागदी कप वाटत होते. आधी पडद्यावर जाहिरात दाखवली. मग मला आणि भार्गवीला मंचावर बोलावलं. सगळ्या सभागृहानं एकदम हात वर करून ती चहाची खूण केली. वरून बघताना ते शेतासारखं दिसत होतं. माझ्या अंगावर काटा आला, हे मी नाकारणार नाही.

मला शिकवलेल्या खुणा मी करायला लागले. पहिली केली. शेजारी भार्गवी माइक धरून तिचा अर्थ सांगत होती. मी तिच्याकडं अर्धवट वळून उभी होते, म्हणून मला तिचे ओठ दिसत होते.

"ती म्हणते, मी विट्याची आहे."

दुसरी खूण.

"ती म्हणते, कॉलेजात आले तेव्हा मी घाबरले होते."

तिसरी खूण म्हणजे दोन्ही हात छातीशी नेऊन मग शेजारच्या माणसाकडं न्यायचे. ती मी केली. भार्गवी जरा थांबली. मंचाखाली ईशानीबाई उभ्या होत्या, त्यांनी मान वर केली.

भार्गवी माझ्याकडं वळली. तिनं माइक तोंडाशी धरला होता, पण ओठ दिसत होते.

"ती म्हणते, तुझ्याआधी माझं कुणी ऐकलंच नव्हतं."

सभागृह टाळ्या वाजवू लागलं. काही मुली डोळे पुसत होत्या. ईशानीबाई हसून मान डोलावत होत्या.

मला फक्त आई दिसत होती, तळहातावर फुंकर घालणारी. माझा एकेक शब्द तिनं ऐकला होता. वाकडा आला तर पुन्हा म्हणायला लावला होता, आणि पुन्हा ऐकला होता. मी भार्गवीच्या हातातला माइक घेतला.

"मी असं म्हटलेलं नाही," मी म्हणाले. "माझं ऐकणारं आहे. माझी आई ऐकते."

टाळ्या थांबल्याचं मला दिसलं. माझा आवाज त्या मोठ्या सभागृहात कसा आला असेल, मला सांगता येणार नाही. पुढच्या रांगेतल्या मुलांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, आणि तो नेमका माझ्यासमोर होता, "ही तर बोलते राव. म्हणजे खरी बहिरी नाही काय?"

भार्गवी माझ्याकडं बघत उभी होती. रागावलेली नव्हती ती. तिचा चेहरा एकदम लहान झाल्यासारखा दिसत होता. मग ती मंचावरून उतरून गेली.

ईशानीबाईंनी मला ओरडा दिला नाही. व्हरांड्यात शेजारी बसून म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. पण मला यातलं काही वापरता येणार नाही." पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा चित्रीकरण केलं. माझ्या जागी नमिता होती. तिला ऐकू येत होतं, पण ती नाटकात काम करायची आणि हात फार सुंदर हलवायची. शेजारी भार्गवीच उभी राहिली. मी तेव्हा ग्रंथालयाच्या खिडकीतून बघत होते. तो व्हिडिओ पुढं खूप लोकांनी बघितला. आमच्या कॉलेजाचं नाव झालं, कॅन्टीनमध्ये त्याचं चित्र लागलं, आणि सांगातीचा चहा मुलं आणखी प्रेमानं प्यायला लागली.

मला कुणी वाईट वागवलं नाही. नुसते हात हलायचे थांबले. मी दारात आले की मुलं कपात बघायची. आपण फसवले गेलो असं त्यांना वाटत असावं, आणि ते फसवणं चहाच्या कंपनीनं केलं नव्हतं, मी केलं होतं.

भार्गवीनं महिन्याभरात खोली बदलली. "तिकडं अभ्यास बरा होतो," म्हणाली. सामान नेताना तिनं गादीची वळकटी उचलली, मी दुसरं टोक धरलं. जिन्यानं वर जाईपर्यंत आम्ही काही बोललो नाही. दोघींचेही हात गुंतलेले होते, आणि तोंडानं बोलायची सवय मोडली होती. त्यानंतर दीड वर्षं मी त्या खोलीत एकटीच राहिले. दुसरी मुलगी आली नाही. संध्याकाळी मी अभ्यासाला बसायचे ती भिंतीकडं तोंड करून.

पुढं मी बँकेची परीक्षा दिली आणि कऱ्हाडला लागले. भार्गवी पुण्याला जाहिरातींच्याच कामात गेली, एवढं कळलं. पाणी वाचवा, मुली शिकवा, झाडं लावा, आणि त्याच्या शेवटी एखादा साबण किंवा बूट, अशा जाहिराती ती करायची. चांगल्या असत. मी बघायचे. खाली अक्षरं असायची.

तिनं मला मेसेज केला तो मध्यंतरी अनेक वर्षं गेल्यावर. एका लग्नासाठी कऱ्हाडला आले आहे, भेटशील का. आम्ही स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटलो. ती थोडी जाड झाली होती, केस कापले होते. बसायच्या आधी तिनं खुर्ची फिरवून उजेडाकडं घेतली.

इकडचं तिकडचं बोलून झालं. तिनं आईची चौकशी केली. मग विचारलं, "अजून सांगाती पितेस?"

"नाही. मला तो कधी आवडलाच नव्हता."

"मलापण नाही," ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो. मग तिनं बशीतला चमचा सरळ केला.

"त्या दिवशीचं एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "ते तिसरं वाक्य. मला काय म्हणायला सांगितलं होतं माहितीय? 'ती म्हणते, मला तुझी सोबत आवडते.' एवढंच."

"मग?"

"मी बदललं. ठरवून नाही. तू हात माझ्याकडं केलेस आणि माझ्या तोंडून ते गेलं."

मला कळायला वेळ लागला. ती माझ्याकडं बघत होती, आणि मी तिच्या ओठांकडं.

"घरी आम्ही पाच बहिणी. दिवसभर मागांचा खडखडाट. तिथं कोण कुणाचं ऐकणार? मी ओरडून बोलायला शिकले. कॉलेजातपण सगळ्यांशी बोलायचे, बघितलंयस तू. बोलून झालं की लोक निघून जायचे. तू एकटी शेवटच्या शब्दापर्यंत माझ्या तोंडाकडं बघत बसायचीस."

"मला बघावंच लागतं, भार्गवी."

"माहितीय की. तरी."

मला तिला बरंच काही विचारायचं होतं. मग खोलीत तोंड का बंद केलंस, हे विचारायचं होतं. पण तिच्या चेहऱ्यावरून वाटलं की ते तिनं स्वतःला माझ्याआधीच विचारून झालं असावं. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं घड्याळ बघितलं. पुण्याची गाडी लागली होती.

मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी वातानुकूलित होती, खिडकीची काच उघडत नव्हती. ती जागेवर बसली, काचेजवळ तोंड आणून माझ्याकडं वळली आणि बोलायला लागली. तिच्या शेजारच्या माणसानं चमकून तिच्याकडं बघितलं. आपल्याला यायला उशीर झाला, म्हणत होती. धाकट्या बहिणीला मुलगा झालाय, यंत्रमागवाले आता थकलेत, पुढच्या वेळी विट्याला येते, तुझ्या आईच्या हातची भाकरी खायचीय. मी मान डोलावत होते. त्या स्टँडवर शेकडो माणसं होती, आणि काचेमागं ती काय म्हणतेय हे कळणारी मी एकटीच होते.

गाडी मागं सरकली, मग वळू लागली. तिचं तिकडं लक्ष नव्हतं, ती बोलतच होती. मी दोन पावलं पुढं गेले. "रेवा, तेव्हा मी," एवढं मला दिसलं, आणि गाडी रस्त्याला लागली.